गाडी गेली, दगड राहिले

ट्रेलरचा मागचा टायर फुटला तेव्हा दिवस मावळायला आला होता. वीटभट्टीवरून निघालेला भरला ट्रेलर ओढ्यावरच्या मोरीपाशी एका अंगाला कलला आणि दोघा भावांतल्या थोरल्याने ट्रॅक्टर जागच्या जागी थांबवला. बाजूला घ्यावा म्हटलं तर रस्त्याची कडा खचलेली. तिथे उतरवला असता तर विटांसकट ओढ्यात गेला असता. म्हणून अर्धा रस्त्यावर, अर्धा कडेवर असा तो उभा राहिला.

मग थोरल्याने जे केलं ते त्या रस्त्यावरचे सगळेच ड्रायव्हर करतात. मोरीचा कठडा एका बाजूने ढासळला होता. त्यातले मोठाले दगड उचलून त्याने ट्रेलरच्या मागे रस्त्यात मांडले. ट्रेलरला लाल दिवा होता, पण त्याची वायर उंदरांनी कधीच कुरतडली होती आणि भट्टीवाल्याच्या लेखी दिवा म्हणजे चैन. दगड फुकट मिळतात. रस्त्यात दगड मांडलेले दिसले की मागून येणारा समजून घेतो, पुढे कोणाचं तरी घोडं अडलंय.

जॅकखाली लाकडी ठोकळा ठेवून त्याने ट्रेलर उचलला. चाकाचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. पान्याला पाइप लावून तो पाइपवर आपल्या भरल्या अंगानिशी उभा राहिला तेव्हा कुठे एकेक बोल्ट कुरकुरत सुटला. तळहाताची सालं निघाली. मध्येच भट्टीवाल्याचा फोन आला.

"गवंडी विटांची वाट बघत बसलेत. तू टायर बदलतोयस का लग्न लावतोयस?"

"निघालोच, मालक."

निघेपर्यंत अंधार पडला. थोरल्याने जॅक घेतला, ठोकळा घेतला, पाइप घेतला, पान्याचा संच पुन्हा पुन्हा चाचपून पाहिला, कारण एक पाना हरवला तर भट्टीवाला आठवडाभर तोंड चालवायचा. सगळी हत्यारं गोळा झाली. दगडांना कोणी हत्यारांत धरत नाही. तो सीटवर चढला आणि निघून गेला.

धाकटा भाऊ दुधाचा धंदा करायचा. पहाटे उठून मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना मोठे कॅन अडकवायचे, वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि डेअरीची गाडी सुटायच्या आत चौकात पोचवायचं. गाडी कोणासाठी थांबत नाही. उशीर झालेलं दूध माघारी घेऊन यावं लागतं, आणि माघारी आलेल्या दुधाचं काय करायचं हे दुभतं जनावर कधी विचारत नाही.

त्या दिवसांत धुकं असं पडायचं की अंगणातून गोठा दिसत नसे. डाव्या कॅनचं झाकण ढिलं झालं होतं, खड्ड्यात उडायचं. धाकट्याने त्यावर नामी तोड काढली होती. झाकणावर हेल्मेट पालथं घालायचं आणि त्याचा पट्टा कॅनच्या कडीत आवळायचा. बायको म्हणायची, "अहो, ते डोक्यासाठी असतं." तो म्हणायचा, "डोकं सांडत नाही, दूध सांडतं." यावर सगळे हसायचे. बायकोही हसायची.

टायर फुटल्याच्या दुसऱ्या पहाटे मोरीजवळ तो भरल्या कॅनांनी आला. दगड दिसला तेव्हा पुढच्या चाकाखाली होता. धाकटा हँडलवरून पुढे फेकला गेला, गाडी त्याच्या उजव्या पायावर आली. कपाळ फुटलं, भुवईपासून केसांपर्यंत. गुडघ्याखाली हाड दोन जागी मोडलं. हेल्मेट घातलेला कॅन घरंगळत कडेला गेला आणि त्याचं झाकण तसंच्या तसं शाबूत राहिलं. दुसऱ्या कॅनमधलं दूध मात्र रस्त्यावरून ओढ्यात गेलं.

मागून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोवाल्याने त्याला दवाखान्यात पोचवलं आणि घरी निरोप दिला. बायको आणि आई तशाच दवाखान्यात पळाल्या. थोरला मोटारसायकल आणायला मोरीपाशी गेला.

धुकं उठलं होतं. रस्त्यावर दूध सुकून पांढरा डाग पडला होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. थोरल्याने दगड बघितले. एका अंगाला कठड्याचा चुना अजून लागलेला. ते कोणाचे हे त्याला कोणी सांगायला नको होतं. काल ते उचलताना त्याचं बोट चेमटलं होतं, ते अजून ठणकत होतं. तो रस्त्यातच बसला, आणि लांबून हॉर्न ऐकू आला तसा उठून त्याने एकेक दगड ओढ्यात ढकलून दिला. मग वाकलेल्या हँडलची गाडी ढकलत घरी आणली. वाटेत भेटेल तो विचारत होता, कसं झालं? थोरला म्हणत होता, "दगड होता रस्त्यात."

हे काही खोटं नव्हतं.

धाकटा पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरी आला. पुढच्या खोलीत त्याची खाट टाकली. दुधाचं काय, हा प्रश्न कोणी विचारायच्या आतच बायकोने मोटारसायकल दुरुस्तीला दिली होती. तिला गाडी येत होती, पण रिकामी. भरल्या कॅनांनी पहिल्या दिवशी ती अंगणातच आडवी झाली. दुसऱ्या दिवशी वस्तीवर चढणीला गाडी बंद पडली आणि तिथले बाप्ये खांबाला टेकून मजा बघत उभे राहिले. एकजण म्हणाला, "वहिनी, दुधाचा रतीब घालताय का दूध रस्त्याला पाजताय?" तिने खाली मान घालून किक मारली. किक उलटी बसली, नडगी सोलवटली. डेअरीची गाडी तिने कशीबशी गाठली. घरी येऊन मागच्या दारी बसून नडगीला हळद लावली आणि उठून स्वयंपाकाला लागली.

थोरला एकटा जीव. त्याचं लग्न झालं नव्हतं, त्याचं घर ते हेच. भट्टीवरून आला की तो धाकट्याचं सगळं करायचा. अंग पुसायचा, भांडं द्यायचा, ते धुऊन ठेवायचा. पुढे कुबडीने उठवायला लागले तेव्हा मागच्या दाराबाहेरच्या संडासापर्यंत त्याला खांद्यावर तोलून नेणं हे थोरल्याचंच काम झालं. इतर कोणाला तो पेलणारा नव्हता.

धाकट्याच्या तोंडाला मात्र एकच विषय. ज्याने दगड टाकले तो.

"सापडू दे फक्त," तो खाटेवरून म्हणायचा. "गाडी दुरुस्त केली, बुडाखालची धूळ झटकली, निघाला. मागून माणसं येतात का मेंढरं, काही विचार?"

आई म्हणायची, "त्याचे हात झडतील. माझ्या लेकराचा पाय मोडून कोणाचं भलं व्हायचं नाही."

थोरला मूग गिळून जेवायचा. पण घास उतरत नसे. आईला वाटायचं, भावाच्या काळजीने खंगतोय. ती त्याच्या ताटात आणखी वाढायची, आणि ते त्याला जास्तच जड जायचं.

एके संध्याकाळी थोरला त्याला संडासातून परत आणत होता. धाकट्याचा एक हात त्याच्या मानेभोवती, दुसऱ्या हातात कुबडी, प्लास्टरचा पाय पुढे काढलेला. अंगण ओलं होतं, म्हणून पाऊल जपून टाकावं लागत होतं.

धाकटा दम खात म्हणाला, "दादा, तू रोज त्या रस्त्यानं जातोस. भट्टीवरच्या ड्रायव्हरांना विचार की जरा. त्या दिवशी मोरीपाशी कोणाची गाडी बंद पडली होती, कोणाला तरी ठाऊक असेल. त्याला माझ्यासमोर आण. हे असं दुसऱ्याच्या गळ्यात पडून संडासाला जायला लागतंय ना, ते त्याला दाखवायचंय मला."

थोरला थांबला. त्याने धाकट्याची पकड आणखी घट्ट केली.

"माझी बंद पडली होती."

"काय?"

"ट्रेलर. टायर फुटला होता. दगड मीच ठेवले होते. निघताना उचलायचे राहिले."

धाकट्याचा हात मानेवरून निसटला, पण एका पायावर उभं राहता येईना, म्हणून पुन्हा तिथेच पडला. खाट अजून लांब होती. ज्याला तो इतके दिवस शिव्या देत होता त्याच्याच गळ्यात हात घालून त्याला तेवढं अंतर जावं लागलं. थोरल्याला त्याचा गरम श्वास कानाला लागत होता. खाटेवर टेकल्यावर धाकट्याने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "आई, त्याला सांग, पुन्हा मला हात लावू नको म्हणावं."

आईला काय झालं तेच कळेना. कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली. हात झडतील म्हणून रोज शाप द्यायची ते हात समोर होते, बोल्टांनी सोललेले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने ना थोरल्याला बोल लावला, ना धाकट्याला समजावलं. पदराने नुसते डोळे पुसत राहिली.

बोलली ती सून. ती आतून हात पुसत बाहेर आली.

"भाऊजी, राहिलं ते राहिलं. माणूस चुकतो. पण इतके दिवस आमच्या समोर बसून जेवलात कसे?"

थोरल्याने आपली वळकटी उचलली. त्या दिवसापासून तो भट्टीवर ट्रॅक्टरच्या शेडमध्ये झोपायला गेला. जेवणाचा डबा आई अंगणाच्या भिंतीवर ठेवायची, तो येऊन घेऊन जायचा. संडासाला धाकट्याला आई आणि बायको मिळून न्यायला लागल्या. एकदा तिघंही घसरून भिंतीवर आदळली. धाकट्याला काही निरोप द्यायचाच असला तर तो आईला म्हणायचा, त्याला सांग. थोरला भिंतीपलीकडेच उभा असायचा, त्याला सगळं ऐकू जायचं, तरी आई बाहेर जाऊन तेच पुन्हा सांगायची.

"घराच्या वाटण्या करून टाकू," धाकटा एकदा म्हणाला. "त्याला सांग, मागची खोली त्याची, पुढचं आमचं. मध्ये भिंत घालू. विटा काय, त्याच्याकडे हव्या तेवढ्या आहेत."

आई हा निरोप घेऊन बाहेर गेली, पण सांगितला नाही. डबा देऊन परत आली आणि म्हणाली, बघू म्हणाला. म्हातारीने आयुष्यात फार थोड्या वेळा थाप मारली असेल, त्यातली ही एक.

मधल्या काळात प्लास्टर निघालं. पाय काठीसारखा बारीक झाला होता. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, धाकट्याने दात खाल्ले. डॉक्टर म्हणाले, "चालशील. पण पहिल्यासारखा पूर्ण वाकायचा नाही. ओझं घेऊन मोटारसायकल विसर." घरी आल्यावर धाकट्याने वाटण्यांचा विषय पुन्हा काढला, या वेळी आवाज न चढवता. बायको घाबरली. ओरडणारा नवरा तिला पेलत होता, हा असा थंड बोलणारा पेलेना.

धुकं काही हटत नव्हतं. तिचा हात आता गाडीवर बसला होता. हेल्मेट ती डोक्यात घालायची आणि ढिल्या झाकणाला तिने सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला होता. एका पहाटे ती भरल्या कॅनांनी मोरीच्या अलीकडे आली. दिवा चालू होता. पण उजेड कुठे पडत होता देव जाणे, समोर नुसता धूसर पडदा. तिने वेग कमी केला. आणि अगदी चाकासमोर काहीतरी काळं हललं.

तिने दोन्ही ब्रेक दाबले. मागचं ओझं पुढे रेटलं, गाडी तिरकी घसरत गेली आणि एका अंगावर बसली. ट्यूब तुटून झाकण उडालं. काळं जे होतं ते एका बाजूला उडी मारून धपकन पडलं आणि ओरडलं. माणूस होता. थोरला होता. काळी शाल डोक्यापासून गुंडाळलेली, हातात धोंडा.

"भाऊजी!" तिचा आवाज फाटला. "इथं काय करताय तुम्ही? मेला असतात ना आत्ता!"

"दगड उचलतोय."

"काय?"

"दगड गं." थोरला उठला, गुडघा चोळत. "कोणाची ना कोणाची गाडी रोज बंद पडते या रस्त्यावर. आणि सगळे माझेच भाऊ. टाकतात नि जातात. तू यायच्या आधी मी भट्टीपासून चौकापर्यंत चालत येतो, असतील ते काढून टाकतो."

"रोज?"

"मग काय एक दिवस काढून भागतंय?"

तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"आणि हे काळं गुंडाळून? अंधारात? हातात साधी बॅटरी नाही? मी तुम्हाला चिरडलं असतं म्हणजे तुमचं पाप फिटलं असतं, आणि माझं सुरू झालं असतं!"

"मी तुझ्या दिव्याकडं लक्ष ठेवून होतो," थोरलाही आता चिडला. "लांबून दिवा दिसला की कडेला व्हायचं, असं माझं रोजचं. पण तुझा दिवा रस्त्यावर येतोय कुठं? बघ तिकडं!"

तिने बघितलं. दोघांनी मिळून गाडी उभी केली होती, इंजिन चालू होतं, आणि दिव्याचा झोत सरळ वर जाऊन कडेच्या झाडाच्या शेंड्याला लागला होता. तिथे पानन् पान दिसत होतं. खाली रस्त्यावर अंधार. रिकाम्या गाडीचा दिवा बरा पडायचा. कॅन भरले की मागचं चाक दबायचं, पुढचं उचलायचं, आणि दिवा झाडावरची पाखरं मोजायला लागायचा. इतके दिवस ती अंदाजानेच येत होती. वाटायचं, धुक्यामुळे दिसत नाही.

थोरल्याने गाडीच्या पेटीतला पाना काढला. दिव्याचे बोल्ट सैल केले आणि दिवा खाली झुकवला. झोत झाडावरून उतरला, रस्त्यावर आला. पुढे लांबवर खड्डा दिसला, कडेचं गवत दिसलं, सांडलेलं दूध दिसलं. दोघांच्याही मनात धाकट्याची ती पहाट आली.

तिने पाना पेटीत टाकला आणि म्हणाली, "चला घरी."

"डेअरीची गाडी?"

"गेली ती. बसा मागं."

"तो मला घरात—"

"बसा म्हटलं ना. आणि शाल आवरा, चाकात जाईल."

घरी धाकटा खाटेवर पाय लांब करून चहा पीत होता. वेळेआधी गाडीचा आवाज ऐकून त्याने मान उचलली. बायको आत आली, गुडघ्याला चिखल, कपड्यांवर दूध. मागे दारात थोरला, आत येऊ की नको अशा बेताने.

"आज मी तुमच्या भावाला मारलं असतं," ती म्हणाली. "मोरीपाशीच. रस्त्यात एकही दगड नव्हता, कारण हे रोज अंधारात येऊन दगड काढतायत. भाऊजी दिसलेच नाहीत मला. दिवा झाडावर होता, कॅन भरले की तो वर जातो. तुम्ही किती वर्षं चालवली ही गाडी. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

धाकट्याने कप खाली ठेवला. कपाळावरचा वण आक्रसला होता.

"मेकॅनिक म्हणाला होता," तो म्हणाला. "मागच्या पावसाच्या आधी. म्हणाला, ओझं नेतोस तर दिवा खाली घे, बोल्टाला दोन पिळे द्यायचेत फक्त. मी म्हटलं, रस्ता पाठ आहे माझा."

आई चुलीपाशी होती, ती हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

"दिवा खाली असता तर दगड दिसला असता," धाकटा पुढे म्हणाला. "पडल्या पडल्याच कळलं होतं मला. वर झाडावर उजेड होता. उताणा पडलो होतो, तेवढंच दिसत होतं. पण मग दोष द्यायला दगडवाला सापडला आणि बरं वाटलं."

तो रडायला लागला. थोरला दारातून हलला नाही. त्याला पुढे व्हावंसं वाटत होतं, पण हात लावू नको असा निरोप होता आणि तो अजून कोणी मागे घेतला नव्हता. बायकोने नवऱ्याच्या हातात रुमाल दिला. त्याने तोंड पुसलं, नाक ओढलं.

"दगड माझेच होते," थोरला दारातूनच म्हणाला. "ते काही दिव्यानं बदलत नाही."

"नाही बदलत," धाकटा म्हणाला.

मग त्याने पहिल्यांदा दाराकडे नीट बघितलं. थोरल्याच्या अंगावरची काळी शाल चिखलाने आणखी काळी झाली होती.

"असलं काळं घालून जायचं नाही उद्यापासून. खुंटीला माझा पांढरा शर्ट आहे, तो घालून जा."

आई सवयीने थोरल्याकडे वळली. "अरे, तो म्हणतोय, पांढरा शर्ट—"

"आई," धाकटा म्हणाला, "मी त्यालाच सांगतोय."

थोरल्याने खुंटीवरचा शर्ट काढला. आपल्या छातीला लावून बघितला. शर्टाचे खांदे त्याच्या खांद्यांच्या अलीकडेच संपले.

"मला होणार नाही रे हा."

"मग पाठीवर बांध," धाकटा म्हणाला. "आणि आधी मला उठव. कधीपासून जायचंय मला, या दोघींना सांगायची लाज वाटते."